पणजोबांची ओटी

निघायच्या सकाळी दादानं मला एकच काम सांगितलं, आणि तेही दात घासता घासता.

"कुमे, पणजोबा सापडले तर चेहरा नीट बघून ये. लाजल्यासारखे दिसतात का, तेवढं सांग मला."

दादा ब्याऐंशी वर्षांचा, मी सहासष्टची. त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून प्रवास मी करायचा आणि प्रश्न त्यानं विचारायचे, अशी आमची वाटणी झालेली आहे. पण हा प्रश्न गमतीचा नव्हता. तो त्याच्या पोटात लहानपणापासून होता.

आमचे पणजोबा नाटक कंपनीत बायकांची कामं करायचे. तेव्हा बायका रंगमंचावर येत नसत, म्हणून मिशी काढलेला कोणीतरी पुरुषच नऊवारी नेसून, नथ घालून राणी व्हायचा. भूमिकेच्या पोशाखात फोटो काढून घ्यायची त्या काळी टूम निघाली होती, आणि पणजोबांनी असे पुष्कळ काढले होते म्हणे. म्हणे, कारण आम्ही एकही पाहिलेला नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे आजोबा, शाळामास्तर. आपला बाप लुगडं नेसतो याची त्यांना जन्मभर शरम वाटली. पणजोबा गेले, तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी आजोबांनी सगळे फोटो अंघोळीच्या बंबात घातले. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी त्या फोटोंवर तापलेल्या पाण्यानं अंघोळ केली, एवढंच वडील सांगायचे.

मागं दोनच गोष्टी उरल्या. एक म्हणजे करंगळी. पणजोबांची डाव्या हाताची करंगळी आत वाकलेली होती आणि ती वडिलांमार्फत दादाकडं आणि माझ्याकडं आली. दुसरी म्हणजे म्हातारपणी ते सारखं म्हणायचे ते वाक्य: "माझा एक फोटो इंदापूरकडं एका घरात आहे. तिथं माझं फार चांगलं चाललंय." म्हाताऱ्याला भ्रम झालाय, असं ठरवून घरच्यांनी ते सोडून दिलं होतं. मी सोडलं नाही. मी चित्रकलेची बाई, पस्तीस वर्षं पोरांच्या चुका लाल पेन्सिलीनं गोल करण्यात गेली. सोडून देणं माझ्या स्वभावात नाही, आणि म्हणूनच की काय लग्नही झालं नाही.

बारामती

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. बारामतीला उतरले तेव्हा ऊन छान कोवळं होतं आणि रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला. एकेकाच्या मागं दोन दोन ट्रॉल्या, आणि वर गाणी अशी जोरात की उसानंसुद्धा कान झाकावेत. मला भालेराव तात्यांकडं जायचं होतं. पुण्यात आपण पत्ता विचारला की माणूस हात करून दिशा दाखवतो आणि आपल्या कामाला लागतो. इथं ज्याला विचारलं तो आधी "कुनाकडं? कशासाठी? जेवलात का?" एवढं सगळं विचारून घेऊन मला दारापर्यंत पोचवून गेला.

तात्या बहात्तरचे. वालचंदनगरच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली, निवृत्तीनंतर बारामतीत तसबिरी मढवायचं दुकान टाकलं. लोक नवी फ्रेम करून घ्यायला येतात आणि जुना फोटो "टाका की कुठंतरी" म्हणून सोडून जातात. ते टाकलेले फोटो तात्या घरी आणतात. त्यांत नाटकवाल्यांचे जुने फोटो निघाले ते त्यांनी वेगळे लावले. मला त्यांचं नाव कळलं ते याच नादामुळं.

बाहेरच्या खोलीत बुद्धांची एकच शांत तसबीर. आतल्या खोलीत मात्र सगळा गोंधळ. भिंतभर राजे, राण्या, राक्षस आणि ऋषी.

"आई म्हनायची," तात्या म्हणाले, "छप्पन साली आमी घरातले समदे देव भायेर काढले, आन तू सायेब हून रावन घरात आनलास!"

मी चष्मा लावून भिंतीला नाक लावलं. काय एकेक मासले होते! एक राक्षस, गालांवर काजळाचे डोळे काढलेले, पण खरे डोळे इतके घाबरलेले की फोटोवाल्यानंच त्याला खाल्लं असतं. एक नारद, त्याच्या वीणेला तारच नाही. एक शकुंतला, कमळाचं पान हातात धरून उभी, तिचे दंड पैलवानाचे आणि मागं पडद्यावर विलायती बंगल्याचा कठडा रंगवलेला. ऋषींच्या आश्रमात कठडा कुठून आला, हे कोणी विचारलं नसावं. एका राजानं तलवार म्यानासकट उगारली होती.

"आन ह्यो बगा गंमत," तात्यांनी राजाच्या पायाशी बोट ठेवलं. राजाच्या दोन मोजड्यांच्या मागं लोखंडाचे आणखी तीन पाय दिसत होते.

तेव्हा फोटो निघायला वेळ लागायचा. मान हलू नये म्हणून माणसाच्या मागं लोखंडी स्टँड उभा करून त्याच्या चिमट्यात मान अडकवायचे. स्टँड अंगाआड लपायचा, पाय मात्र राहून जायचे. एकदा ते दिसले की दुसरं काही दिसेना. सगळ्या दरबाराला पाच पाच पाय.

"लाजतंय कोण यात?" मी विचारलं.

तात्यांनी भिंतीवरून नजर फिरवली. "लाजाया येळ कुठला? मान चिमट्यात."

हसले मी, पण मनातून खट्टू झाले. भिंतीवर बायकांच्या वेषातले सात जण होते. एकेकाचा डावा हात बघितला. सातही करंगळ्या सरळ. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जायचं, आणि दादाला काय सांगायचं? तात्यांच्या बायकोनं भाकरी, भरलं वांगं आणि शेंगांची चटणी वाढली. इथं "अजून हवं का?" असं विचारत नाहीत, थेट पानात पडतं. मी निमूट जेवले. मग चहा आला. मी डाव्या हातानं कप उचलला आणि तात्या एकदम ताठ बसले.

"बाई, हात तसाच ठिवा."

"का? झुरळ आहे?"

"झुरळ न्हाय. करंगळी. ही करंगळी मी बगितलीय." त्यांनी डोळे मिटून घेतले. "सगळा जन्म ड्रॉइंग ऑफिसात गेलाय. मानूस इसरंन, वाकल्या रेगेचा कोन न्हाय इसरायचा."

बारा-तेरा वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या एका म्हातारीनं त्यांच्या दुकानात एक तसबीर आणली होती. बाहेरच्या पट्टीला वाळवी लागलेली. नुसती पट्टी बदलायची, मागची पाठ उघडायची नाही आणि काचेला तर हातच लावायचा नाही, अशी अट. काम होईपर्यंत बाई दुकानातून हलली नाही. काचेवर चेहऱ्याच्या जागी कुंकवाचा जाड थर होता. खाली नऊवारीतलं अंग, पदर धरलेला डावा हात, वाकलेली करंगळी.

"आन लुगड्याच्या घोळाखाली," तात्यांनी आवाज खाली आणला, "तीन लोखंडी पाय."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? हा नाटकवाला आहे म्हणून?"

"म्हातारी माज्याकडं बगत व्हती. मी तिच्याकडं बगितलं. मग मी गप पट्टी ठोकली. जाताना तिनं पायलीभर हरभरा दिला."

मी लगेच दादाला फोन केला. तो म्हणाला, "चेहरा?" म्हटलं, "चेहऱ्यावर कुंकू आहे." मग म्हणाला, "कुंकू? आपल्या पणजोबांना?" आणि फोन ठेवून दिला.

भिगवण

दुसऱ्या दिवशी तात्या बरोबर निघाले. सरळ वाट सोडून भिगवणवरून जायचं त्यांनी ठरवलं, कारण विचारल्यावर "रस्ता बरा हाय" म्हणाले. रस्ता बरा नव्हता. कारण ताटात आलं तेव्हा कळलं. धरणाच्या पाण्यातली ताजी चिलापी मासळी, अर्धी तळलेली आणि अर्धी लाल कालवणात, सोबत बाजरीची भाकरी. माझ्या नाकाडोळ्यांतून धार लागली आणि तरी मी दुसरी वाटी मागितली. शेजारच्या टेबलावर पुण्याचीच मंडळी होती, गळ्यात हातभर लांबीचे कॅमेरे. थंडीत इथं रोहित पक्षी उतरतात, ते बघायला आलेली.

"तुम्हाला दिसले का?" त्यांतल्या एकीनं मला विचारलं.

"आम्ही पक्ष्यांसाठी नाही आलो," मी म्हटलं. "लुगड्यातल्या एका माणसाला शोधतोय."

तिनं खुर्ची जरा पलीकडं सरकवून घेतली.

तिथून जीप, आणि जीपनं जिथं सोडलं तिथून उसातून पायवाट. आदल्या रात्री पाणी दिलेलं होतं. तात्या म्हातारे असून बांधावरून बकरीसारखे टुणटुणत गेले आणि मी पाटात पाय घातला. पाय वर आला, चप्पल आली नाही. ती काढायला वाकले तर दुसरीही गेली. तात्यांनी उसाच्या कांड्यानं चिखल ढवळून पाहिला. माझ्या नव्याकोऱ्या चपला इंदापूर तालुक्यानं गिळल्या त्या गिळल्याच. साडीला गुडघाभर चिखल, पाय अनवाणी, तोंडात शिव्या, अशा थाटात मी पणजोबांच्या भेटीला निघाले.

गावाचं नाव विचारू नका

इथून पुढचं पुरुषांनी वाचू नये. खरंच सांगते. पाहिजे तर परत भिगवणला जाऊन पक्षी बघा.

घर साधं, सिमेंटचं, पुढं ओटा आणि दारात ट्रॅक्टर. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ही माणसं वर येऊन राहिली. दारात साठीचे नाना आणि त्यांचा मुलगा विकास उसाची मोळी बांधत होते. तात्यांना त्यांनी ओळखलं, "या या फ्रेमवाले!" म्हणाले. तेवढ्यात नानांची बायको सुरेखा बाहेर आली, तिची नजर माझ्या पायांकडं गेली आणि ती चटकन माझ्या पायांवर पाणी घालायला लागली.

"अनवानी आलाय व्हय बाई! कशाचा नवस?"

चपला पाटात गेल्या हे सांगायला मी तोंड उघडलं, पण ऐकायला कोणी थांबलंच नाही. या घरात थोरल्या आईचा फोटो आहे आणि नवस बोललेल्या बायका तिच्याकडं अनवाणी येतात, हे मला चालता चालता कळलं. मला सरळ मधल्या खोलीत नेऊन उभं केलं.

भिंतीवर तसबीर होती. सुकलेल्या झेंडूची माळ. चेहऱ्याच्या जागी कुंकवाचं तळहाताएवढं ढेकूळ. खाली काठापदराचं भारी लुगडं, आणि पदराशी डावा हात. माझा हात. सहासष्ट वर्षं मी जो हात बघतेय तोच, शंभराहून जास्त वर्षं जुना. मी माझी करंगळी मुठीत लपवली. खाली पाहिलं तर घोळाखाली तीन लोखंडी पाय.

नाना डोक्यावरची टोपी सारखी करून पुढं आले आणि त्यांनी तसबिरीला वाकून नमस्कार केला. मग विकासनं केला. चौतिशीचा दांडगा गडी, माझ्या पणजोबांसमोर डोळे मिटून पुटपुटत होता.

"ही आमची थोरली आई, बाई," नाना म्हणाले. "नदीला पूर आलता तवा नाटकवाल्यांच्या गाड्या आडकल्या. आठ दिस समद्या कंपनीला हिनं जेवू घातलं. खूश हून त्यांनी हिचा फोटू काढून दिला. निस्ता रुबाब बगा! मनगट बगा कसं हाय! आताच्या बायकांची असत्यात का अशी मनगटं?"

तात्यांना ठसका लागला. त्यांनी पाणी मागितलं.

माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! पस्तीस वर्षं चूक दिसली की बोट ठेवायची सवय. जिभेच्या टोकावर आलं होतं, की अहो नाना, ते मनगट बाईचं नाहीच. पण बोलले असते तर एका वाक्यात या घराची आई गेली असती. आणि नाही बोलले तर काच पुसा असं कुठल्या तोंडानं म्हणणार? दादाला काय सांगणार? दारात बसून तो वाट बघत असेल. आजोबांनी बंबात घातले, आणि आता मी इथवर येऊन चेहरा न बघता परत जायचं? मला रडूच यायला लागलं.

कोपऱ्यात भिंतीला टेकून आक्का बसल्या होत्या. नानांच्या आई, नव्वदीला टेकलेल्या, डोळे मात्र लख्ख. तसबीर घेऊन दुकानात बसून राहिलेल्या त्याच. मघापासून त्या तसबिरीकडं न बघता माझ्या मिटलेल्या मुठीकडं बघत होत्या.

"गड्यांनी समद्यांनी भायेर व्हा," त्या म्हणाल्या. "पावनीची ओटी भरायची हाय."

नाना, विकास, तात्या मुकाट्यानं बाहेर गेले. सुरेखानं दार लोटून कडी घातली. आक्कांनी मला हातानं खाली बसवलं आणि माझी मूठ उघडून करंगळीवर बोट फिरवलं.

"बाय, ह्यो गडी तुमचा कोन?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सुरेखा पदराचा बोळा तोंडात घालून हसत होती.

"पणजोबा," मी म्हटलं. "पण तुम्हाला माहीत आहे?"

"उंबऱ्याच्या आतल्या समद्यांना ठावं हाय," सुरेखा म्हणाली. "भायेरच्यांस्नी न्हाय."

मग आक्कांनी सांगितलं ते असं. पूर आला, कंपनी अडकली, थोरलीनं आठ दिवस जेवू घातलं, इथपर्यंत नानांचं बरोबर. आठव्या दिवशी उघडीप झाली. खाल्ल्या अन्नाची फेड म्हणून कंपनीनं गावात खेळ करायचं ठरवलं, पण पेट्या भिजलेल्या, लुगडी कुजलेली. राणीला नेसायला काही नाही. तेव्हा थोरलीनं पेटीतून आपलं लग्नातलं लुगडं काढून दिलं. त्यात पणजोबांनी खेळ केला. जाताना थोरलीला म्हणाले, एवढं लुगडं काही दिवस राहू दे माझ्याकडं. महिन्याभरानं लुगडं परत आलं, धुऊन, घडी घालून. घडीत हा फोटो होता.

"थोरलीनं तो भिताडाला लावला. ती गेली. तिला बगितलेली मानसं गेली. मंग कुनीतरी गडी म्हनला, हीच आमची थोरली. बायकांनी न्हाय म्हनलं न्हाय."

"पण का?"

"का म्हंजे? ह्या घरात लुगड्याफुडं गड्यानं मान वाकवायची दुसरी जागा कुठं हाय, सांगा बरं! आन गंमत बगा, ज्याच्या पाया पडत्यात त्यो बी गडीच." आक्कांचं बोळकं पसरलं. "सासूनं मला सांगितलं तवा ती हासून हासून खालीच बसली. माजा मालक लई तापट. शिव्या घालून भायेर गेला की मी हितं यायची. म्हनायची, ह्यो बी गडीच, पन लुगड्याचा मान कसा राखलाय! मला हसू यायचं. हसू आलं की निम्मं दुक जायचं."

तर या घरची रीत अशी. नवी सून घरात आली की ओटी भरायच्या निमित्तानं पुरुषांना बाहेर काढायचं. सुनेनं काच पुसायची, चेहरा बघायचा, सासूनं तिच्या कानात खरं काय ते सांगायचं, दोघींनी पोटभर हसायचं. मग सुनेनं पहिलं कुंकू लावून तसबिरीची ओटी भरायची, आणि पुढं सणासुदीला बायका वर कुंकू लावत राहतात. पुढची सून येईपर्यंत काच कोणी पुसायची नाही. सुरेखा आली त्याला पस्तीस वर्षं झाली. विकासला मुलगी मिळत नाही. चार एकर बागायत, ट्रॅक्टर, सगळं आहे, पण मुलींना गावात राहायचं नाही. "सुरेखाच्या फुडं सांगायचं कुनाला?" आक्का म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडला.

मग मीही सगळं सांगितलं. बंब सांगितला. दादाचा प्रश्न सांगितला. "मला फक्त एकदा चेहरा बघू द्या," म्हटलं.

आक्का तयार होईनात. रीत ती रीत. सुरेखाच म्हणाली, "आत्या, थोरलीच्या जागी आपुन ह्याला मानलाय. मंग ह्या तर थोरलीच्या माहेरच्या झाल्या."

आक्कांनी दोनदा मान हलवली. "खरं हाय. माहेरच्या मानसाला कोन आडवनार? पुसा बाय."

सुरेखानं तसबीर उतरवून माझ्या मांडीवर दिली. आधी खोबरेल लावलं, थर मऊ झाला, मग ओल्या फडक्यानं मी पुसायला लागले. लाल पाणी मनगटावरून ओघळत होतं. हनुवटी दिसली. मग ओठ, नथ, गाल, मग डोळे. तात्यांच्या भिंतीवरचे सगळे डोळे पाहून आले होते मी, घाबरलेले, थिजलेले. हे तसे नव्हते. मान चिमट्यात अडकलेली, आणि हा बाबा हसू दाबत होता. डावा गाल आत ओढलेला. दादा लहानपणी वडिलांच्या पुढ्यात हसू दाबायचा तेव्हा असाच दिसायचा. लाज कुठं औषधालासुद्धा नव्हती. परक्या बाईनं विश्वासानं दिलेलं लग्नातलं लुगडं नेसून माणूस ऐटीत उभा होता.

मी ओक्साबोक्शी रडले. सुरेखा पाठीवर हात फिरवत राहिली.

"लावा आता पैलं कुक्कू," आक्का म्हणाल्या.

माझा हात थांबला. खरं सांगते, हे मी कधी कोणाला बोलले नव्हते. आमच्या गल्लीत संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, मला बोलावतात, तिळगूळ देतात, "बाई या" म्हणून खुर्ची देतात. ओटीचं ताट मात्र माझ्या पुढून पुढच्या बाईकडं जातं. मी हसून बाजूच्या मुलीशी बोलायला लागते. चाळीस वर्षं मी तशी हसतेय.

"मला नाही चालायचं," मी म्हटलं. "मी लग्न केलेलं नाही."

आक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं की शाळेतली ढ मुलगी मीच.

"आगं बाय, आमी मिशीवाल्याची ओटी भरतोय पिढ्यान् पिढ्या. तुजं काय घिऊन बसलीस!"

मी कपाळावर कुंकवाचं एकच बोट लावलं. मग आक्कांनी माझी ओटी भरली. गहू, नारळ, खण, आणि संक्रांतीचे दिवस म्हणून उसाचं कांडं, बोरं, हरभऱ्याचे घाटे. आयुष्यातली पहिली ओटी. पदर इतका जड झाला की उठायला सुरेखाचा हात धरावा लागला.

मोबाईलवर फोटो काढायला आक्कांनी साफ मनाई केली. "मोबाईलातलं गड्यांच्या मोबाईलात जातंय." मग मी वही काढली आणि अर्धा तास बसून चेहरा उतरवून घेतला. लिहायची परवानगीही तेव्हाच मागितली. सुरेखा म्हणाली, "लिवा की खुशाल. आमचे गडी कुठं वाचत्यात? कारखान्याची नोटीस आली तरी मलाच वाचाया लावत्यात."

दार उघडलं. नानांनी पुसलेली काच पाहिली आणि ते चमकले.

"थोरलीच्या माहेरच्या मानसानं पुसलीय," आक्का शांतपणे म्हणाल्या.

नानांनी एकदा तसबिरीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आरं तिच्या! तोंडवळा हाय की! इकास, नाक बग, सेम हाय!" आणि साठीचा तो माणूस माझ्या पाया पडला. मी सुरेखाकडं बघायचं टाळलं. बघितलं असतं तर सगळंच संपलं असतं.

निघताना नानांनी उसाची मोळी आणि सुरेखानं आपल्या चपला दिल्या. बांधावरून जाताना तात्यांनी एवढंच विचारलं, "करंगळीचा कोन बरुबर व्हता का?"

"बरोबर होता," मी म्हटलं.

पुणे

दादा दारातच खुर्ची टाकून बसला होता. मी वही त्याच्या हातात दिली. तो खिडकीपाशी गेला, चष्मा पुसला, वही जवळ धरली, लांब धरली. मग म्हणाला, "हा तर हसतोय गं."

"हो."

"लाजत नाहीये."

"अजिबात नाही."

दादा बराच वेळ उभा राहिला, गुडघे दुखत असून. "आजोबांनी उगाच जाळले," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. मी आयुष्यात त्याला दुसऱ्यांदा रडताना पाहिलं.

मग मी त्याला सगळं सांगितलं. पुरुषाला सांगायचं नसतं हे आक्कांचं मला मान्य आहे, पण ब्याऐंशीव्या वर्षी त्याला पुरुषांत मोजायला नको, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. तो मधेच हसायचा, मधेच डोळे पुसायचा. ओटीतला नारळ त्यानं मांडीवर घेतला आणि फिरवून फिरवून पाहिला.

"आपल्या घरानं बंबात घातले," तो म्हणाला, "आणि त्या घरानं ओटी भरली. कुमे, आपल्याकडून एकदा तरी त्यांची ओटी भरायला हवी. विकासची बायको आली की पुन्हा काच पुसतील ना? तेव्हा मी येतो."

"दादा, तेव्हा पुरुषांना बाहेर काढतात. ओटीला पुरुष चालत नाहीत."

दादानं जरा विचार केला. डावा गाल आत ओढला.

"मग मी लुगडं नेसून येतो."

मी आईचं नऊवारी पेटीतून काढून गच्चीवर उन्हात टाकलंय. आता विकासचं लवकर जमायला हवं.